सहा, सहा, सहा, चार

डब्लिन, ओहायो
१४ एप्रिल १९९६

चि. शुभा,

आशीर्वाद. तुझा फोन ठेवल्यावर काकू म्हणाली, पोरीला अभंग शिकायचाय आणि तुम्ही तिच्यावर खेकसलात. खेकसलो नाही. अभंग फोनवर शिकवता येत नाही, एवढंच म्हणालो. तेव्हा आता कागदावर शीक. तुझ्या वडिलांना, त्र्यंबकला, मी कॉलेजात पत्ते शिकवले होते. मुलीला त्याहून बरं काही शिकवावं म्हणतो.

मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसरा आणि तिसरा चरण यमकाने बांधायचे. जोडाक्षर एकच धरायचं. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, म्हणून लोकांना वाटतं की हे डाव्या हाताचं काम. करून बघ म्हणजे कळेल. हे माझं ताजं कडवं:

बर्फाचे अंगण । उभा पांडुरंग ।
झाला माझा संग । परदेशी ॥

बोटांवर मोज, लाजू नकोस. मी जन्मभर पुलांची गणितं केली, पण अभंग अजून बोटांवरच मोजतो.

शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याने आपलं नाव घालायचं, 'अमका म्हणे' असं. त्याला नाममुद्रा म्हणतात. ती नसेल तर अभंग पुरा झाला असं मी मानत नाही. 'कुमार म्हणे'ची पाच अक्षरं होतात, पुढे एक जोडलं की चरण भरला. काकूचं नावही तीन अक्षरीच. ती म्हणते, तुमच्या ह्या छंदाला नवरा-बायकोची अदलाबदल झाली तरी पत्ता लागायचा नाही.

आता कामाचं. दिवाळीपर्यंत माझ्या अभंगांचं छोटं पुस्तक करून इथल्या भजनी मंडळात वाटावं असा विचार आहे. तुझ्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं आहेत, तेव्हा टाइप तू कर. मात्र एक अट आहे. आधी प्रत्येक चरण मोजायचा. एक अक्षर जरी कमी-जास्त सापडलं, यमक जरी चुकलं, तर लाल शाईने खूण करून ते पान मला परत पाठवायचं. माझा मान ठेवायचा नाही. का, ते विचारू नकोस. म्हाताऱ्याची लहर समज.

जावईबापू राजेशला आणि छोट्या अनयाला आशीर्वाद.

तुझा,
कुमारकाका


बॉथेल, वॉशिंग्टन
२ मे १९९६

ती. काका,

नमस्कार. तुमचं कडवं अनयाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, देव बर्फात उभा आहे तर त्याच्या पायात बूट का नाहीत? राजेश म्हणाला, हा प्रश्न काकांना पाठव, ते त्यावर आणखी एक अभंग लिहितील.

माझा पहिला प्रयत्न सोबत जोडते. हसू नका.

लॅबच्या काचेला । पावसाची धार ।
दिवसाचा भार । उतरेना ॥

ह्यात देव कुठे आहे, असं तुम्ही विचारणार. अजून आलेला नाही. बॉथेलचा पाऊस थांबला की येईल.

टाइप करायला मी आनंदाने तयार आहे. पण लाल शाईचं काय सांगता, काका? बाबा गेले तेव्हा तुम्ही दोघं ओहायोहून विमानाने आलात. काकूंनी माझं स्वयंपाकघर सांभाळलं आणि तुम्ही अनयाला मांडीवर घेऊन बसलात. त्या माणसाच्या कागदावर मी मास्तरीणबाईंसारख्या लाल खुणा करू? आईला कळलं तर भारतातून फोन करून झापेल. तरी तुमचा हुकूम म्हणून एक लाल पेन आणून ठेवलंय. ते वापरायची वेळ येणार नाही, ह्याची मला खात्री आहे.

तुमची शुभा


डब्लिन
११ ऑगस्ट १९९६

चि. शुभा,

अभंगांचा चौथा गठ्ठा पाठवतोय. तुझ्याकडून टाइप होऊन आलेल्या तीनही गठ्ठ्यांत एकही लाल खूण नाही. मोजतेस ना नीट? मोजतच असशील, त्र्यंबकची मुलगी आहेस. ती कोरी पानं बघून मला किती बरं वाटतं, ते तुला कळायचं नाही. मी ती दोन-दोनदा बघतो.

तुझ्या लॅबच्या कडव्यात देव नाही हे खरं, पण अक्षरं चोख आहेत. देव मागाहून येतो. आधी जागा मोजून ठेवावी लागते.

परवा एक गंमत झाली. मी दाराशी उभा, किल्ली सापडेना. काकू आतून विचारते, बेल का वाजवत नाही? किल्ली माझ्या हातातच होती. त्यावर एक कडवं केलं:

हाताला लागेना । किल्ली ती घराची ।
आठवण दाराची । राहिलेली ॥

हे पुस्तकात घे. काकू म्हणते, आपली फजिती छापू नका. पण मला ते आवडलंय.

तुझा,
कुमारकाका


बॉथेल
८ सप्टेंबर १९९६

प्रिय विनय,

तुझ्या बाबांच्या पुस्तकाची स्वच्छ प्रत सोबत पाठवतेय. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या ज्या दुकानात तू लग्नपत्रिका छापतोस, तिथे हेही होईल असं काका म्हणाले.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. त्यांना सांगू नकोस. काही ठिकाणी मी हात फिरवलाय. पहिल्या गठ्ठ्यात एकच जागा होती, म्हटलं लिहिताना डुलकी लागली असेल. पण पुढच्या प्रत्येक गठ्ठ्यात जास्त निघत गेलं. किल्लीच्या कडव्यात त्यांनी 'आठवण दाराची' लिहिलंय, ती सात अक्षरं होतात. मी 'सय त्या दाराची' केलं. दुसऱ्या एका ठिकाणी तर असं होतं:

कोणत्या वळणी । सोडावी ही वाट ।
कोणत्या वळणी । धुके आले ॥

पहिलाच चरण तिसऱ्या जागी पुन्हा आलाय, आणि यमक गेलंय. काकांच्या हातून हे होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. तिथे मी 'डोळ्यांपुढे दाट' घातलं.

लाल खूण करून पाठव असं त्यांनी बजावलं होतं. पेन दोनदा हातात घेतलं आणि ठेवून दिलं. ज्यांनी मला मोजायला शिकवलं त्यांचीच चूक काढायची माझी हिंमत होत नाही. दिवाळीला पुस्तक हातात पडेल तेव्हा त्यांचा चेहरा उजळू दे, एवढंच मला हवंय. तुला काही वेगळं वाटत असेल तर फोन कर.

शुभा

(मला विनयचा फोन आला नाही. छापलेल्या मुखपृष्ठाचा नमुना आला. त्यावर त्याने लिहिलं होतं: 'बरं केलंस यार. बाबा फार मनाला लावून घेतात. माझी सही समज.')


डब्लिन
९ ऑक्टोबर १९९६

चि. शुभा,

मी काकू लिहितेय. माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. हे वर झोपलेत, म्हणून लिहायला बसले. फोनवर बोलले असते तर ह्यांनी ऐकलं असतं.

गेलं वर्षभर हे विसरतायत. आधी चष्मा, किल्ली, लोकांची नावं. वयच झालंय म्हणून मीही हसण्यावारी नेलं. पण मागच्या आठवड्यात दूध आणायला गेले आणि जेवणवेळ टळून गेल्यावर परत आले. कुठे होतात विचारलं, तर म्हणाले रस्ता बदललाय. रस्ता तोच आहे गं.

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू, आणि तोवर गाडी चालवू नका. तर म्हणाले, "माझी तपासणी शुभा करतेय. डॉक्टर काय, वार विचारील आणि प्रेसिडेंटचं नाव विचारील. अभंग त्याहून कडक आहे. ज्या दिवशी तिची लाल खूण येईल, त्या दिवशी गाडीची किल्ली विनयला देऊन टाकीन." आणि तुझी पानं माझ्यासमोर पसरली. बघ म्हणाले, एक तरी खूण दाखव.

म्हणून तुला विचारते. तू मोजतेस ना? मला त्या सहा-चारमधलं काही कळत नाही. मला गाडीही चालवता येत नाही. इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसून इथे संसार केला. दर रविवारी भजनाला जातो तो हायवेवरून, आणि आता अंधारही लवकर पडतो. शुभा, मी तुझ्या शब्दावर त्या गाडीत बसते आहे. खरं असेल ते कळव. वाईट असेल तरी कळव. मी ह्यांना सांभाळून सांगेन.

उत्तर माझ्या नावाने पाठव.

काकू


बॉथेल
१९ ऑक्टोबर १९९६

ती. काकू,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून जीव गलबलला. लगेच उत्तर लिहायला बसले, दोन कागद फाडले, त्यात दोन-चार दिवस गेले. रागावू नका.

मी मोजते, काकू. प्रत्येक ओळ मोजते. एखाद-दुसरं अक्षर इकडे-तिकडे कुणाचंही होतं, मोठमोठ्यांचं होतं. त्यावरून काही ठरवता येईल असं मला वाटत नाही. डॉक्टरांना मात्र जरूर दाखवा. आणि दिवाळीला आम्ही तिघं येतोच आहोत. तेव्हा सगळे समोरासमोर बसून बोलू. अशा गोष्टी पत्रात नीट सांगता येत नाहीत, आणि पुस्तक हातात यायच्या आधी त्यांचं मन मोडायला नको. आता तीनच आठवडे राहिलेत.

तोवर जपून राहा. गुडघ्याला तेल लावताय ना? अनयाने काकांसाठी बूट घातलेल्या विठोबाचं चित्र काढलंय. येताना घेऊन येते.

तुमची शुभा


शिकागो
२४ नोव्हेंबर १९९६

शुभा,

फ्यूनरलला आपलं नीट बोलणं झालं नाही. माझं मराठी लिखाण चौथीपर्यंतचं आहे, चुका सांभाळून घे. हे इंग्लिशमध्ये लिहिता येत नाहीये.

पोलिसांनी सगळं समजावून सांगितलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी आई-बाबा भजनाला निघाले. मी आदल्या आठवड्यात पुस्तकांचे खोके पाठवले होते, ते गाडीच्या मागच्या ट्रंकमध्ये होते. गाड्या ज्या रस्त्याने हायवेवरून खाली उतरतात त्याच रस्त्याने बाबा वर चढले. समोरून ट्रक आला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, पण ट्रक आईच्या बाजूला लागला. ती जागेवरच गेली. बाबांचं खांद्याचं हाड मोडलं. आई शेजारी बसलेली असताना ते पोलिसाला सांगत होते की वळण धुक्यात दिसलं नाही. त्या दिवशी धुकं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये सगळ्या टेस्ट केल्या. डॉक्टर म्हणाले, हे दीड-दोन वर्षांपासून असणार, घरी कुणाच्याच लक्षात आलं नाही का? मी काय सांगू? मी तुझं सप्टेंबरचं पत्र परत वाचलं. तू मला लिहिलं होतंस. मी 'बरं केलंस यार' म्हणालो.

आईने तुला विचारलं होतं हे तू त्या दिवशी किचनमध्ये रडत सांगितलंस. मी तुला दोष देत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आता खोटं पुरे. पण तोच दोष माझाही आहे.

बाबांना इथे माझ्या घराजवळच्या केअर होममध्ये ठेवतोय.

विनय


शिकागो
१२ जानेवारी १९९७

चि. शुभा,

आज डोकं स्वच्छ आहे. असे दिवस आता थोडे, म्हणून लगेच लिहितो.

विनयने माझे कागद इथे आणून दिले. छापलेलं पुस्तक आणि माझी हस्तलिखितं शेजारी-शेजारी ठेवून सबंध सकाळ वाचली. मी 'आठवण' लिहिलं होतं, तू 'सय त्या' केलंस. तू बसवलेलं चांगलं आहे. 'डोळ्यांपुढे दाट' हे तर फारच चांगलं आहे, मला सुचलं नसतं. तू शिकलीस.

ही लाल शाई कशासाठी होती, ते मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मला भीती वाटत होती, आणि ती भीती पोरीपुढे कशी काढायची, म्हणून मी अट घातली. तू माझा मान राखलास. मी राखू नकोस म्हणालो होतो, तरी राखलास. आपल्याकडे मोठ्यांचं असंच करतात. मीही माझ्या गुरुजींचं तसंच केलं असतं. तुझ्यावर रागावण्यासाठी बसलो होतो, पण राग कुणावर धरायचा हे शेवटपर्यंत सापडलं नाही.

मात्र एक कर. मी लिहीत राहणार आहे. जे येईल ते पाठवीन. आता प्रत्येक चुकीवर खूण कर. कोरं पान मला परत पाठवू नकोस.

काकू दारात उभी राहून हाक मारते आहे असं मला अधूनमधून वाटतं. मग आठवतं. आठवलं की दिवस संपतो.

कुमारकाका


शिकागो
५ ऑक्टोबर १९९७

शुभा,

तू दर महिन्याला लाल खुणा केलेली पानं पाठवलीस, ती बाबांनी भिंतीला चिकटवायला लावलीत. जानेवारीत पानावर चार-पाच खुणा होत्या. मे महिन्यात पान लालच झालं होतं. जुलैनंतर त्यांनी काही लिहिलंच नाही. मला ते कधी ओळखतात, कधी नाही.

परवा अचानक कागद मागितला. एका बैठकीत लिहून काढलं. तेच सोबत पाठवतोय. मीही बोटांवर मोजलं. मला काही चूक सापडली नाही, आणि तेच मला भयंकर वाटतंय. तूच वाच.

दारात उभी मी । लावुनिया दिवा ।
आता तरी देवा । धाड ह्यांना ॥
सुनेत्रा म्हणे हो । गाडी कुठे गेली ।
सांज आता झाली । यावे घरी ॥

आईचं नाव चुकून आलेलं नाही, शुभा. ते आता खरंच स्वतःला आई समजतात. संध्याकाळ झाली की केअर होमच्या दाराशी जाऊन उभे राहतात आणि बाबांची वाट बघतात. मागच्या महिन्यात एका नर्सने नियमाप्रमाणे सांगितलं, तुमची बायको गेली, तुम्ही मिस्टर कुमार. त्यांना ते पहिल्यांदाच कळल्यासारखं झालं. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी विसरले आणि परत दाराशी. मी आता सांगणं बंद केलंय.

हे पान तुझ्याकडून तपासून हवंय म्हणून रोज विचारतात. लाल खूण करणार असशील तर ती त्या नावाखालीच करावी लागेल, आणि का केली हे कुणीतरी त्यांना समजावून सांगावं लागेल. तू त्यांना प्रॉमिस केलंयस, ते मला माहीत आहे. काय करायचं ते तू ठरव. तू जे पाठवशील ते मी त्यांना वाचून दाखवीन.

विनय


बॉथेल
१२ ऑक्टोबर १९९७

ती. सुनेत्राकाकू,

नमस्कार. तुमचा अभंग मिळाला.

लाल पेन हातात घेऊनच वाचायला बसले. काकांनी शिकवलं तसा प्रत्येक चरण बोटांवर मोजला. पहिल्यांदा मोजला, मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजला. सहा, सहा, सहा, चार. दिव्याला देवा जुळतो, गेलीला झाली जुळते. एकही अक्षर कमी नाही की जास्त नाही. नाममुद्रा जिथे असायला हवी तिथेच आहे. पान कोरंच परत पाठवतेय.

मागे तुम्ही मला एकदा विचारलं होतं, तू मोजतेस ना. ह्या वेळी मोजलं तेच खरं सांगतेय, काकू.

सांज झाली की दारात उभ्या राहू नका, गुडघे दुखतील. आत येऊन बसा, अंगावर शाल घ्या. आणि गाडीची काळजी करू नका. काका ती घेऊन कुठेही गेलेले नाहीत. किल्ली विनयकडे आहे.

तुमची शुभा